द्राक्षवेलीच्या ताटल्या

ट्वायला हेंडरशॉटचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेल्याची बातमी पसरली, तेव्हा मेथडिस्ट चर्चच्या बायकांनी आधी मनापासून हळहळ व्यक्त केली आणि मग एकमेकींकडे पाहिलं. हात मोडल्याचं वाईट वाटलंच. पण टेसाच्या शॉवरनंतर, म्हणजे लग्नाआधी बायका नवरीला भेटी देतात त्या समारंभानंतर, ट्वायलाच्या ताटल्या आता कोण धुणार, हा प्रश्न जास्त मोठा होता.

हात मोडला तोही ताटल्यांपायीच. एका बंद पडलेल्या घरातल्या सामानाच्या विक्रीत ट्वायलाला काचेच्या कपांचं खोकं मिळालं होतं. ते घेऊन ती स्वतःच्या तळघराचा जिना उतरत होती, आणि शेवटच्या पायरीवर पाय घसरला. माणूस पडताना हात टेकून स्वतःला सावरतं. ट्वायलाने खोकं छातीशी धरलं आणि मनगटावर पडली. इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "दुखतंय का?" त्यावर ती म्हणाली, "कप एकही फुटला नाही." नंतरचे दोन आठवडे ती हेच सगळ्यांना सांगत होती, जणू डॉक्टरांनी तिला पदक दिलं होतं.

ताटल्या म्हणाव्यात तर दिसायला साध्याच. साच्यात दाबून केलेली जाड, पारदर्शक काच. लांबट ताटलीवर द्राक्षांचे घड आणि पानं उठवलेली, आणि एका कडेला गोल खळगा. त्या खळग्यात त्याच नक्षीचा कप बसतो. म्हणजे बाईने एका हातात ताटली धरली की सँडविच, केक, पेय सगळं एकत्र येतं आणि दुसरा हात मोकळा राहतो. तो हात शेजारणीच्या दंडावर ठेवून "अगं, तुला कळलं का?" म्हणता येतं. ज्याने कुणी ही ताटली काढली, त्याला बायकांच्या बैठकीची चांगली माहिती असणार.

या नदीकाठच्या सगळ्या गावांत हीच द्राक्षवेल, कारण पलीकडच्या तीरावरचा काच कारखाना तीच काढायचा. कुणाची आई तिथे कामाला होती, कुणाचा काका. लग्नात आहेर म्हणून ती यायची, कारखान्याच्या दारात किंचित खोट असलेला माल स्वस्तात मिळायचा. ट्वायलाची आई तिथे पॅकिंगच्या शेडमध्ये होती. तिने आणलेल्या मोजक्या जोड्यांवर ट्वायलाने संसार मांडला. पुढे कारखाना बंद पडला, लोकांच्या मुलांना ताटल्या नकोशा झाल्या, आणि ट्वायलाला मात्र त्यांचं वेड लागलं. अंगणातली विक्री असो, जुना बाजार असो की लिलाव, द्राक्षवेल दिसली की ही बाई तिथे हजर. तळघरात फळ्यांवर फळ्या भरल्या. गावात कुणाकडे बारसं, शॉवर, पन्नाशी, मयताचं जेवण, काहीही असो, ट्वायलाकडून ताटल्या जायच्या. कमी पडल्या की मार्जीन स्टोल्ट्झ आणि म्हाताऱ्या ओपल व्हिटॅकरच्या ताटल्या त्यांच्यात मिसळायच्या.

आता नक्षी एक, साचा एक, काच एक. मग कुठली कुणाची हे कळायचं कसं? त्यासाठी बायकांनी फार पूर्वीच उपाय शोधला होता. ताटलीच्या आणि कपाच्या बुडाशी नेलपॉलिशचा एक ठिपका. ट्वायलाचा लालभडक, मार्जीनचा गुलाबी, ओपलचा मोतिया. कार्यक्रम आटोपला की स्वयंपाकघरात ताटल्या उलट्या करायच्या, ठिपके बघायचे आणि आपापली खोकी भरायची. या ठिपक्यांच्या जोरावर तिघींची मैत्री इतकी वर्षं टिकली, असं मार्जीन म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं.

धुवायचं काम मात्र ट्वायला कुणाला देत नसे. मशीनमध्ये घातल्या तर काचेवर दुधट सावट येतं, आणि बायका हाताने धुतात तेव्हा बोलत बोलत धुतात, असं तिचं म्हणणं. कार्यक्रम कुणाचाही असला तरी शेवटी ही बाई एप्रन बांधून मोरीपाशी उभी. कुणी फडकं हातात घेतलं तर, "राहू दे, तू बस," असं ज्या आवाजात म्हणायची, त्यात 'बस' कमी आणि 'हो बाजूला' जास्त असायचं.

पण या खेपेला तिच्या जिवाची जी घालमेल चालली होती ती हातामुळे नव्हती आणि ताटल्यांमुळेही नव्हती. लग्न टेसाचं होतं.

टेसा तिची नात. टेसाची आई, ट्वायलाची एकुलती एक मुलगी, आजारपणात गेली तेव्हा टेसा शाळेत जाणारी होती. तेव्हापासून दोघी एकाच छपराखाली. ट्वायलाने तिला वाढवलं, गाडी चालवायला शिकवलं, नर्सिंगच्या शाळेत धाडलं. आता टेसा यंग्सटाउनच्या निको दिनार्दोशी लग्न करणार होती. मुलगा चांगला होता, त्याबद्दल तक्रार नव्हती. तक्रार होती ती त्याच्या घराबद्दल, आणि तीही उघड करण्यासारखी नव्हती. त्या घरात माणसं फार. मावश्या, आत्या, काका, चुलत, मामे, आणि सगळे बोलणार एकदम. टेसा पहिल्यांदा तिकडून जेवून आली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते. "आजी, जेवण चार तास चाललं! आणि कुणीच उठलं नाही!" हे ती ज्या आनंदाने म्हणाली, तो आनंद ट्वायलाला बोचला. असल्या भरल्या घराशी एका म्हाताऱ्या बाईची बरोबरी कुठून होणार? पोरगी हळूहळू तिकडची होऊन जाईल. नाताळ तिकडे, ईस्टर तिकडे, आणि आपल्याकडे फोन. हे तिला इतकं स्पष्ट दिसत होतं की शॉवरच्या तयारीत ती दुप्पट करडी झाली.

तिने मनाशी ठरवलं होतं. शॉवर झाल्यावर टेसाला सगळ्या ताटल्या देऊन टाकायच्या. आईच्या जुन्या जोड्यांसकट, तळघरातल्या झाडून सगळ्या. घरात आपली वस्तू असली म्हणजे माणूस थोडं तरी आपलं राहतं, असा त्यामागे हिशेब.

शॉवर चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये होता. तिन्ही घरच्या ताटल्या आल्या, लांब टेबलांवर मांडल्या गेल्या. हॅमच्या सारणाची त्रिकोणी सँडविचं, खारे दाणे, मिंटच्या गोळ्या, आणि मोठ्या काचेच्या भांड्यात लिंबाच्या शर्बतात तरंगणारं हिरवं आइस्क्रीम. ट्वायला गळ्यात अडकवलेला हात घेऊन मधोमध उभी राहून हुकूम सोडत होती.

इतक्यात जिन्यावरून आवाज आला आणि त्यामागून निकोची आई, रोझाल्बा दिनार्दो, उतरली. गोल बांधा, केस काळेभोर रंगवलेले, नखं चमचमती, कारण यंग्सटाउनात तिचं स्वतःचं ब्यूटी पार्लर होतं. तिच्यामागे तिच्या दोन बहिणी, आणि प्रत्येकीच्या हातात पेटाऱ्याएवढे डबे. त्यांच्याकडे लग्नाच्या कार्यात बिस्किटांचं अख्खं टेबल लागतं. शॉवरला लागत नाही, पण रोझाल्बाला राहवलं नव्हतं. लोखंडी साच्यात भाजलेल्या नक्षीदार चकत्या, मलई भरलेली नळकांडी, बदामाचे लाडू, जर्दाळू भरलेल्या घड्या.

"मी म्हटलं, थोडंसंच आणावं," ती धापा टाकत म्हणाली.

"थोडंसं," ट्वायलाने डब्यांच्या रांगेकडे पाहत म्हटलं. "बरं झालं जास्त आणलं नाहीत ते."

मार्जीनने तिला कोपराने ढोसलं. रोझाल्बा मात्र हसली, आणि ट्वायलाचा मोकळा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाली, "तुम्हीच का आजी! निको सांगतो, टेसा दर वाक्यात तुमचं नाव घेते. आणि या ताटल्या! माझ्या आईकडे होत्या अशा. सगळ्या विकून टाकल्या आम्ही, मूर्खासारखं."

विहीणबाईंना ताटल्या आवडल्या म्हटल्यावर ट्वायलाला थोडं बरं वाटलं. तरी ती सावधच होती.

शॉवर झाला तो मात्र छान झाला. टेसाने भेटी उघडल्या, फिती तुटू नयेत म्हणून जपून सोडल्या आणि शेवटी एक तोडलीच. मग बायकांनी पहिलं मूल कधी यावरून गलका केला. रोझाल्बाच्या थोरल्या बहिणीने अशी एक हकिकत सांगितली की पास्टरच्या बायकोला खोकण्याचं नाटक करावं लागलं. ओपल, जी नव्वदीला टेकली होती आणि कुठल्याही कार्यक्रमात एवढुसा तुकडा खाऊन झोपी जायची, तिने मलईची तीन नळकांडी संपवली आणि जागी राहिली. ट्वायला हे सगळं बघत होती. गावच्या बायका त्या यंग्सटाउनच्या बायकांत कधी मिसळून गेल्या ते कळलंच नाही. तिला आनंद झाला आणि त्याच आनंदाची थोडी भीती वाटली. टेसा रोझाल्बाच्या खुर्चीच्या हातावर बसली होती.

पाहुण्या पांगल्या. रोझाल्बाच्या बहिणी गाडीत सामान भरायला गेल्या. ट्वायला पास्टरच्या बायकोला निरोप द्यायला वर गेली होती. तिथे हवापाण्याच्या गप्पा तासभर लांबल्या, कारण आपल्याकडे दारात निरोप घेणं हे बसण्यापेक्षा लांब चालतं. ती पुन्हा खाली उतरली तेव्हा स्वयंपाकघरात मोरी रिकामी होती. ओट्यावर पांढऱ्या फडक्यांवर सगळ्या ताटल्या आणि कप लखलखत होते. धुतलेले, पुसलेले, रचलेले. आणि त्यांच्यासमोर बाह्या वर सारून रोझाल्बा उभी होती. चेहऱ्यावर पहिल्या नंबराने पास झालेल्या मुलीची कळा.

"तुमचा हात असा, म्हटलं तुम्हाला एवढ्या ताटल्या पुन्हा कशाला बघायला लावा," ती म्हणाली. "हातानेच धुतल्या. मशीनमध्ये नाही. टेसाने सांगितलं होतं."

"फार केलंत तुम्ही," ट्वायला म्हणाली, आणि तिला खरंच वाटलं. काच स्वच्छ होती. अगदी तिने धुतली असती तशी.

"आणि तेवढंच नाही," रोझाल्बा पुढे म्हणाली. "बाजारवाल्यांच्या खुणा तशाच राहिल्या होत्या सगळ्यांवर. ते किमतीसाठी रंग लावतात ना, तसल्या. लाल, गुलाबी. एवढ्या सुंदर काचेला! माझ्या पर्समध्ये पार्लरची बाटली असतेच. बसले आणि एकूण एक काढून टाकल्या."

ट्वायलाने एक ताटली उचलून उलटी केली. बूड स्वच्छ. दुसरी उचलली. स्वच्छ. कपाचं बूडही तसंच. एका हाताने उलट्या करत करत तिने पाच-सहा पाहिल्या. हवेत नेलपॉलिश काढायच्या द्रवाचा गोडसर वास भरून राहिला होता. हॉलमधली टेबलं पुसून नुकतीच आत आलेली मार्जीन ओल्या फडक्यासकट पुतळा झाली होती.

तीन घरच्या ताटल्या. एक नक्षी, एक साचा, एक काच. आणि त्यांत कुठे तरी आईच्या जोड्या, ज्यांवरही तिने इतर ताटल्यांसारखाच ठिपका लावला होता, वेगळी खूण करायची कधी गरजच वाटली नव्हती. त्या आता कुठल्या ते देवच जाणे. ट्वायलाच्या तोंडात शब्द आले, आणि तिचे शब्द गावाला ठाऊक होते.

टेसा दारात उभी होती. हातात कचऱ्याची पिशवी, नजर आजीवर. तिच्या डोळ्यांत एक विनवणी होती, आणि ट्वायलाला ती नीट वाचता आली. आज या खोलीत जे बोललं जाईल ते या पोरीच्या संसारात जन्मभर घुमत राहणार. एका बाजूला आजी, दुसऱ्या बाजूला सासू, आणि मध्ये ही.

"कपसुद्धा?" ट्वायलाने विचारलं.

"कपसुद्धा."

"नीट निघालं?"

"एक डाग नाही. बघा ना."

"छान," ट्वायला म्हणाली. "फारच छान काम केलंत."

हे बोलायला तिला किती कष्ट पडले ते मार्जीनने पाहिलं आणि मार्जीनला हसू फुटलं. तिने फडकं तोंडावर धरलं, खांदे हलू लागले. ओपलने मात्र या वयात मुत्सद्दीपणा सोडून दिला होता. दारालगतच्या खुर्चीतून तिने मोठ्याने विचारलं, "म्हणजे आता माझ्या कुठल्या?"

रोझाल्बाने ओपलकडे पाहिलं, मग मार्जीनकडे, मग ओट्यावरच्या राशीकडे. हळूहळू तिचा चेहरा उतरला. "अरे देवा," ती म्हणाली. "बाजारवाल्यांच्या नव्हत्या." ती स्टुलावर बसली आणि दोन्ही हातांनी तिने तोंड झाकलं. "पहिल्याच दिवशी. पहिल्याच दिवशी मी तुमच्यात येऊन... निकोच्या बापाला काय सांगू? तो म्हणालाच होता, रोझाल्बा, तिथे जाऊन नुसती बस. काही करू नकोस. नुसती बस!"

आता गंमत अशी की तिला रडताना पाहून ट्वायलाचा राग पार निवळला. एवढी माणसं घरात असूनही ही बाई घाबरलेली होती. आपल्याला घाबरली होती. आपण टेसाला नावडत्या होऊ की काय, या धास्तीने तिने ताटल्यांच्या बुडाशी बसून बाटली रिकामी केली होती. ही धास्ती ट्वायलाच्या ओळखीची होती.

"अगं ए," ती म्हणाली, आणि 'तुम्ही' तिथेच सुटलं. "ऊठ. काचेच्याच आहेत, कुणाचं मूल हरवलं नाही. माझा नवरा आज असता तर त्याने मलाही हेच सांगितलं असतं, ट्वायला, नुसती बस. कधी बसले का मी?"

"कधीच नाही," मार्जीनने ताबडतोब साक्ष दिली.

मग वाटणी सुरू झाली. रोझाल्बा डोळे पुसत बघत राहिली, कारण असली वाटणी तिने जन्मात पाहिली नव्हती.

"माझ्या फार नव्हत्या," मार्जीन म्हणाली. "एखादा डझन असतील."

"डझन? अगं, दोन खोकी घेऊन आलीस तू. मी उतरवून घेतली."

"दुसऱ्यात नुसते कागद होते."

"कागदांना दोन माणसं लागली उचलायला?"

"ट्वायला, तुझ्याच जास्त आहेत हे सगळ्या गावाला माहीत आहे. तू आधी घे."

"मी आधी घेणार नाही. ओपल, तुझ्या किती गं?"

ओपलने विचार केला. "मला दोन द्या. मी आणि मांजर."

"ओपल, तुझ्या दोन नाहीत!"

"मांजराला कप लागत नाही," ओपल म्हणाली आणि विषय तिच्या बाजूने संपला.

असं चाललं. आपल्या गावची ही रीतच आहे. ताटलीत शेवटचा तुकडा उरला की तो कुणी घेत नाही. अर्धा करतात, मग त्याचा अर्धा करतात, आणि शेवटी वाळलेला कण झाकून ठेवतात. इथे तर शेकड्यावर काच होती. प्रत्येकीला वाटे, आपण एक जरी जास्त उचलली तरी दुसरीची घेतल्यासारखं होईल. म्हणून प्रत्येकीने कमीच घेतल्या. ट्वायलासुद्धा, जी लिलावात चार पैशांसाठी लिलाववाल्याशी भांडायची, हातचं राखून एकेक जोडी बाजूला काढत होती आणि मधूनच परत ठेवत होती. सगळ्यांची खोकी भरून झाली आणि ओट्यावर ताटल्यांची एक मोठी चवड उरली. कुणाचीच नसलेली.

"घे ना गं."

"मी कशाला, तू घे."

"तुझ्याच असणार."

"माझ्या नाहीत. शपथ."

रोझाल्बाला आता हसू आवरेना. "आमच्याकडे असतं ना," ती म्हणाली, "तर एव्हाना माझ्या दोघी बहिणींनी एकमेकींच्या झिंज्या उपटल्या असत्या, आणि मामा पोलिसांना फोन करत असता."

"मग तूच घेऊन जा," ट्वायला म्हणाली.

ट्वायला बोलून गेली होती आणि आता तिला मागे फिरता येत नव्हतं. तिच्या मनात लख्ख उमटलं ते असं: या ताटल्या यंग्सटाउनला गेल्या की पुढचे सगळे समारंभ यंग्सटाउनलाच. टेसा तिकडेच द्राक्षवेल मांडणार, तिकडेच हसणार. आपल्याच हाताने आपण तिला तिकडचं सामान बांधून देतोय. तिने एक श्वास घेतला आणि चवडीतली वरची जोडी रोझाल्बाच्या हातात दिली.

"तुझ्या आईकडे होत्या म्हणालीस. घे. तुझ्या पुन्हा झाल्या असं समज."

रोझाल्बाने ताटली धरली आणि बराच वेळ नुसती धरून ठेवली. मग तिने ट्वायलाला मिठी मारली, प्लास्टरसकट. ट्वायलाला दुखलं, पण तिने सांगितलं नाही.

रोझाल्बाची गाडी गेली. मार्जीनने ओपलला तिच्या खोक्यासकट, आणि मांजराच्या वाट्यासकट, घरी सोडायला नेलं. टेसाने उरलेली खोकी ट्वायलाच्या गाडीत भरली, स्वतः चालवत घरी आणली आणि एकेक करून तळघरात फळ्यांवर लावली. ट्वायला जिन्यावर बसून कुठे काय ठेवायचं ते सांगत होती. फळ्या आता पूर्वीइतक्या गच्च दिसत नव्हत्या. तरी पुष्कळ होत्या.

ठरवलेलं बोलायची हीच वेळ होती. ट्वायलाने घसा साफ केला.

"टेसा, हे सगळं तुझं. लग्नाचं. आज सगळ्यांसमोर सांगणार होते, पण आधी खुणा गेल्या आणि मग रडारड झाली. पणजीच्या कुठल्या ते आता सांगता येणार नाही. पण यांतच आहेत. सगळ्या घेऊन जा."

टेसाने हातातला कप फळीवर ठेवला. ती वळली नाही.

"नको, आजी."

ट्वायलाने मान हलवली. हे असंच होणार, हे तिला ठाऊकच होतं. आजकालच्या पोरींना कागदी ताटल्या आवडतात. धुवायला नकोत. आणि सासूकडे एक चवड गेलीच आहे आता. "बरं," ती म्हणाली. "जागा तरी कुठे असेल तुमच्या त्या घरात."

"जागेचं नाही गं." टेसा येऊन तिच्याशेजारी पायरीवर बसली, दाटीने, जशी लहानपणी बसायची. "तू मला सगळं देतेस. आई गेली तेव्हापासून. मला कधी काही मागावंच लागलं नाही. तोंड उघडायच्या आत तू आणून ठेवायचीस. हे पण दिलंस तर मी घेईन आणि गाडीत घालीन आणि झालं. संपलं."

"संपलं म्हणजे?"

"मार्जीनआजी वर्षातून किती वेळा येते इथे? त्या पोस्टातल्या बाई? पास्टरच्या बायकोचं तुझ्याशी एवढं काय जमतं, सांग बरं? त्या ताटल्या न्यायला येतात. मग परत करायला येतात. परत करताना रिकाम्या हाताने येता येत नाही म्हणून काहीतरी करून आणतात. मग तू कॉफी ठेवतेस. मग त्या तुझ्या ओट्यापाशी बसतात आणि उठतच नाहीत." टेसाचा आवाज बदलला. "मी जिन्यावरून बघायचे. मला वाटायचं, एवढ्या बायका या स्वयंपाकघरात हक्काने येतात. मी लग्न करून गेले की मी काय म्हणून येणार? पाहुणी म्हणून? सणाला, अंगावर चांगले कपडे घालून?"

गेले कित्येक महिने जी भीती ट्वायला एकटी वाहत होती, तीच या पोरीच्या तोंडून तिला ऐकू येत होती. फक्त उलट्या बाजूने.

"मला देऊ नकोस," टेसा म्हणाली. "मला उसन्या दे. सगळ्यांना देतेस तशा."

खालच्या फळीवरच्या दिव्याचा उजेड काचेत पसरला होता. ट्वायलाने चांगल्या हाताने डोळे पुसले, नाक पुसलं आणि मग गावच्या बायकांशी ज्या आवाजात बोलायची त्या आवाजात विचारलं, "कधी पाहिजेत?"

"ऑक्टोबरात. घर लावून झालं की लोकांना बोलावणार आहोत. शनिवारी."

"किती माणसं?"

"निकोचे घरचे धरून? तुझ्याकडे आहेत तेवढ्या सगळ्या लागतील. आणि त्याच्या आईकडच्याही."

"परत कधी आणशील?"

"दुसऱ्या दिवशी. रविवारी, चर्चनंतर."

"रविवारी मी चिकन आणि नूडल्स करते," ट्वायला म्हणाली. "आता आलीच आहेस तर जेवून जा."

"जेवून जाईन. पण एक आहे, आजी. थँक्सगिव्हिंगच्या आधी मला त्या पुन्हा लागतील."

"पुन्हा?"

"आणि नाताळच्या आधी. आणि जानेवारीत निकोच्या बहिणीचा शॉवर आहे."

"काय गं ही पोरगी," ट्वायला म्हणाली. "सारखी येरझार घालत बसणार आहेस का तू?"

"हो," टेसा म्हणाली.